डोळ्यात वाढलंय ते साधं की कॅन्सर? वाचकांचे प्रश्न, डोळ्यांच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न: वय ४४, काम उन्हातान्हातलं. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला पांढऱ्या भागावर मांसासारखं काहीतरी वाढलंय आणि आता ते काळ्या बुबुळावर चढतंय असं वाटतं. दुखत अजिबात नाही, फक्त खुपतं आणि लाल होतं. नेटवर शोधलं तर कॅन्सरचे फोटो आले, तेव्हापासून झोप उडालीय. घरच्या घरी ओळखता येईल का?

उत्तर: तुमच्या वर्णनावरून टेरिजियमची शक्यता सगळ्यात जास्त वाटते, ज्याला आपण डोळ्यात मांस वाढणं म्हणतो. ऊन, वारा, धूळ यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना हे हमखास होतं. त्याचा आकार त्रिकोणी असतो, रुंद बाजू नाकाकडे आणि टोक बुबुळाकडे, आणि त्यातल्या रक्तवाहिन्या बहुतेक सरळ एकाच दिशेने गेलेल्या दिसतात. वाढतं तेही अगदी हळू, वर्षं लागतात. बुबुळावर न चढलेला पिवळसर छोटा उंचवटा असेल तर तो पिंग्वेक्युला, तोही साधाच.

पण एक गोष्ट मला नीट सांगायचीय. दुखत नाही म्हणजे साधं असं बरेच जण धरून चालतात आणि डोळ्यांच्या बाबतीत हे बऱ्याचदा उलटं असतं, रांजणवाडी ठणकते आणि कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा काही त्रासच देत नाही. त्यामुळे दुखण्यावरून काही ठरवू नका.

डोळ्याच्या पृष्ठभागावरचा स्क्वॅमस प्रकारचा (म्हणजे वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) कॅन्सर आणि त्याच्या आधीची स्टेज बहुतेक वेळा बरोब्बर त्याच जागी सुरू होते, पांढरा भाग आणि बुबुळ जिथे मिळतात तिथे, म्हणून तो टेरिजियम समजून सुटून जातो. वाढ जेलीसारखी फुगीर दिसत असेल, वर पांढरा खडूसारखा थर असेल, वेड्यावाकड्या जाड रक्तवाहिन्या तिच्याकडे येत असतील, किंवा काही महिन्यांतच नजरेत भरेल इतकी वाढली असेल तर थांबू नका. एचआयव्ही असलेल्यांना किंवा ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना याचा धोका जास्त असतो, तरुण वयातही होतो, तेव्हा डॉक्टरांना हे लपवू नका प्लीज.

म्हणून घरच्या घरी खात्रीने नाही ओळखता येत. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डॉक्टरांकडच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकावर, मोठं करून बघावंच लागतं, शंका आली तर डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन, करतात. आणि उद्या टेरिजियमचं ऑपरेशन करायचं ठरलं तर दोन गोष्टी विचारा. नुसतं खरवडून काढणार की आपल्याच डोळ्याचा पातळ पडदा तिथे ग्राफ्ट म्हणून लावणार, कारण नुसतं काढलं की ते परत येण्याची शक्यता खूप जास्त असते. दुसरं, काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवणार का. तो फेकून देऊ नये असं माझं ठाम मत आहे, दिसायला कितीही साधा असला तरी.

प्रश्न: आईचं वय ६५. वरच्या पापणीत एकाच जागी गाठ येते, दोनदा चिरा देऊन काढली, आता पुन्हा आलीय. रांजणवाडी आहे, शेक द्या असं सांगतात.

उत्तर: ताई, हा प्रश्न वाचून मला खरंच काळजी वाटली. पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीचं तोंड बंद झालं की न दुखणारी गाठ होते, तिला कॅलेझियन म्हणतात, गरम शेकाने काही आठवड्यांत जिरते नाहीतर छोटा चिरा देतात, विषय संपतो. पण उतारवयात त्याच जागी परत परत आली तर त्याच तेलाच्या ग्रंथींचा कॅन्सर, म्हणजे सेबेशियस कार्सिनोमा, नाही ना हे बघावंच लागतं, आणि भारतासह आशियातल्या बऱ्याच देशांत पापणीच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच मोठा आहे.

आईला उजेडात बसवा आणि पापणीची कड जवळून बघा. गाठीच्या जागचे केस गळलेत का? कड जाड, पिवळसर झालीय का? तो एकच डोळा महिनोन्महिने लाल राहतो आणि ड्रॉप्स घालूनही फरक पडत नाही असं आहे का? यातलं एक जरी हो असेल तर बायोप्सी लवकरात लवकर, आणि खरं सांगायचं तर यातलं काहीच नसलं तरी दोनदा काढून परत आलीय एवढ्यावरच मी बायोप्सी सांगेन. आधीच्या दोन वेळचा तुकडा तपासायला दिला होता का, रिपोर्ट आहे का ते शोधा. हा कॅन्सर मानेच्या किंवा कानापुढच्या गाठींमध्ये पसरू शकतो म्हणून तिथेही हात लावून बघायला सांगा. आता तिसऱ्यांदा नुसता चिरा देऊन घेऊ नका.

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लहानपणापासून तपकिरी डाग आहे, हल्ली गडद वाटतो.

उत्तर: हा बहुतेक नीव्हस, म्हणजे तीळच. वयात येताना तो गडद होतो, बऱ्याचदा त्यात बारीक पाण्याचे फोड दिसतात आणि ते चांगलं लक्षण मानतात. एकदा दाखवून फोटो काढून ठेवा म्हणजे पुढे तुलना करता येते. सावळ्या लोकांच्या दोन्ही डोळ्यांत बुबुळाभोवती तपकिरी झाक असते, तीही नॉर्मल. चाळिशीनंतर एकाच डोळ्यात नवीन डाग आला आणि पसरायला लागला तर मात्र गोष्ट वेगळी, तो दाखवायलाच हवा.

प्रश्न: चष्म्याचा नंबर तपासताना डोळ्याच्या आत तीळ आहे असं सांगितलं. आता काय?

उत्तर: आतले तीळही बऱ्याच लोकांना असतात आणि बहुतेक जन्मभर तसेच राहतात, अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांबद्दलच्या एका अंदाजानुसार वर्षाला साधारण ९ हजार तिळांत एखाद्याचाच मेलानोमा, म्हणजे रंगाच्या पेशींचा कॅन्सर, होतो. डॉक्टर बघतात ते असं: जाडी २ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का, डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली (रेटिनाखाली) पाणी साठलंय का, वर नारिंगी रंग दिसतो का. यातलं काही नसेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा बाहुली मोठी करून तपासणी, सहसा वर्षातून एकदा. मधेच डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं, बाजूला सावली आली किंवा नजर अंधुक झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, कारण आतली गाठ आरशात दिसत नाही.

प्रश्न: फ्लॅशच्या फोटोत दीड वर्षाच्या बाळाची एक बाहुली पांढरी दिसते, दुसरी लाल. कॅमेऱ्याचा दोष असेल ना?

उत्तर: असू शकतो, बाळ तिरकं बघत असलं तरी असं येतं. मोतीबिंदूनेही येतं. पण रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या डोळ्यातला कॅन्सर बऱ्याचदा असाच पहिल्यांदा फोटोत दिसतो, आणि अचानक आलेला तिरळेपणा हे त्याचं दुसरं लक्षण. लवकर सापडला तर जीव वाचतो आणि पुष्कळदा डोळाही, नजरही. आणखी फोटो काढून बघत बसू नका, याच आठवड्यात मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, बाहुली मोठी करून दोन्ही डोळे तपासायला सांगा आणि तो फोटो मोबाइलमध्ये ठेवून त्यांना दाखवा.