मियाटाला (माझदा एमएक्स-5) फायबरग्लासचा पुढचा बंपर बसवताना फेंडरजवळ (चाकावरच्या पत्र्याजवळ) एका बाजूला 6 मिमी फट राहते. काय करावे?

रंग देण्याआधीच विचारलंत, फार बरं झालं. आधी जुना बंपर लावून पाहा. फट तिथेही दिसली तर दोष बहुधा फेंडरचा आहे. नसेल तर सगळे बोल्ट हातानेच अडकवा, मधून कडांकडे जात बंपर सरकवा, गरजेपुरती भोकं लांबट करा. कड पुढे येत असेल तिथे 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मास्क लावूनच. कमी पडते तिथे ग्लास मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिनने (सुकून कडक होणारा चिकट द्रव) कड वाढवा. नुसती पुट्टी भरू नका, हादऱ्यांनी तडकते. बोल्टखाली रुंद वॉशर हवेतच, नाहीतर जेलकोटला (फायबरग्लासच्या वरच्या गुळगुळीत थराला) चांदणीसारख्या भेगा पडतात. शेवटी बॉनेट उघडून-मिटून पाहा, मग प्रायमर.