फुलपाखरांमधली नक्कल (एका जातीने दुसरीसारखं दिसणं) समजून घ्यायची असेल तर

जनुकांच्या लांबलचक याद्या आत्ता बाजूला ठेवा. आधी एकच फुलपाखरू धरा: कॉमन मॉर्मन. नर सगळे सारखे, माद्या मात्र वेगवेगळ्या. काही नरासारख्या, काही थेट कॉमन रोझ या दुसऱ्या, विषारी फुलपाखरासारख्या. हा फरक ‘डबलसेक्स’ या एका जनुकाच्या निरनिराळ्या रूपांमुळे पडतो, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. कीटकांत नर-मादी भेद घडवणारंही हेच जनुक. खरी गंमत तिथेच आहे!

नवखे हमखास अडखळतात ते इथे:

- फुलपाखरू ठरवून नक्कल करत नाही. विषारी जातीशी साम्य कमी असलेली पक्ष्यांच्या तोंडी जातात, उरलेली वाढतात.
- नकलेचे दोन प्रकार शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जातात. बेट्सच्या प्रकारात नकलाकार खाण्याजोगा असतो. म्यूलरच्या प्रकारात दोघंही बेचव.

सुपरजीन (एकत्रच वारशाने जाणारा जनुकांचा गट) वगैरे नंतर बघू. तोवर मेंडेलचं प्रभावी-अप्रभावी पक्कं करा; मॉर्मनमध्ये नकलेचं रूप प्रभावी असतं.