युद्धस्मारकासाठी महापालिका खासगी जागा संपादित करू शकते का? (सोलापूर)

सुभेदारसाहेब, जय हिंद.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापुरात तुमच्या माजी सैनिक मंडळाला युद्धस्मारक हवंय. कॉलनीशेजारचा वीस गुंठ्यांचा खासगी मोकळा प्लॉट महापालिकेने संपादित करून त्यावर ते बांधावं, असा अर्ज तुम्ही देणार आहात. पण "पालिकेला तसा अधिकारच नाही" असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय.

सांगणाऱ्याचं चुकलंय. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चं कलम 77 बघा. आयुक्तांना मालकाशी बोलणी करून, करार करून जागा घेता येते. मालक तयार नसेल तर कलम 78 आहे. स्थायी समितीच्या मान्यतेने आयुक्त राज्य शासनाकडे अर्ज करतात आणि शासन भूसंपादन कायद्याखाली जागा घेऊन देतं. तेव्हा अधिकाराचा मुद्दा सोडून द्या. नगररचनेच्या फायलींत उमेदीची वर्षं गेली म्हणून सांगतो, तरीही या वाटेने जाऊ नका.

कारण पैसा. 2013 च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारमूल्यावर 100 टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे सरळ दुप्पट. वीस गुंठे म्हणजे साधारण 2,023 चौरस मीटर. दर समजा चौरस मीटरला 5,000 रुपये धरला, तर मूल्य एक कोटीच्या वर आणि मोबदला दोन कोटींच्या. व्याज वेगळं, वाढीव मोबदल्यासाठी मालक कोर्टात गेला तर ते आणखी वेगळं. एवढं होऊन हातात आली ती फक्त जमीन, त्यावर अजून एक दगडही बसलेला नाही. शिवाय स्मारक हे पालिकेच्या कलम 66 मधल्या ऐच्छिक कामांत मोडतं, कलम 63 मधल्या बंधनकारक कामांत नाही. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे लेखा विभाग या फायलीवर काय शेरा मारेल ते तुम्हीच ओळखा. खासदार निधीतून भागवू म्हणाल, तर त्यातून जमीन विकत घेता येत नाही.

विकास आराखड्याचीही गाठ आहेच. त्या प्लॉटवर सार्वजनिक वापराचं आरक्षण नसेल तर आधी एमआरटीपी कायद्याच्या (प्रादेशिक आणि नगररचना कायदा) कलम 37 खाली आराखड्यात फेरबदल, हरकती-सूचना, मग शासनाची मंजुरी. आरक्षण असेल तर संपादनाला कलम 126 लागतं आणि तिथे एक बरी सोय आहे, मालक राजी असेल तर रोख पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देता येतो. पण आरक्षण जुनं असेल तर सावध राहा. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली की मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो. नोटिशीपासून 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. हद्दवाढ भागात अशा जागा हातच्या गेलेल्या आहेत.

म्हणून माझं म्हणणं एकच: संपादन मागू नका, पालिकेच्या ताब्यात असलेल्या जागेतला तुकडा मागा. ताब्यात आलेलं बागेचं आरक्षण सगळ्यात उत्तम. कुंपण, पाणी, माळी आधीच असतात. सरकारी जमीन असेल तर प्रस्ताव पालिकेमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ द्या, मंडळाच्या नावाने नको.

दोन जागा मात्र कुणी सुचवल्या तरी घेऊ नका. पहिली चौकातलं बेट. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे किंवा बांधकामांना परवानगी देऊ नका, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. दुसरी लेआउटमधली ओपन स्पेस. ती प्लॉटधारकांच्या वापरासाठी सोडलेली असते. आज टाळ्या वाजवणारा शेजारी उद्या पार्किंगवरून भांडण झालं की तेवढ्यावर तक्रार ठोकतो.

पुतळ्याचा आग्रह सोडा, हेही आगाऊपणे सांगतो. पुतळा म्हटला की मातीचं मॉडेल, कला संचालनालयाची मान्यता, पोलिसांचं ना-हरकत, समिती, सगळं मागे लागतं. 2024 मध्ये मालवणला शिवरायांचा पुतळा कोसळला त्यानंतर तर कुणी अधिकारी पटकन सही करणार नाही. नावं कोरलेली ग्रॅनाइटची भिंत आणि ध्वजस्तंभ पुरे.

रणगाड्याचं विचारलंय. सेवेतून काढलेला टी-55 स्मारकांना मिळतो, त्यासाठी लष्कर मुख्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागतो. पण तो साधारण 36 टनांचा आहे. ट्रेलर आणि क्रेनचा खर्च आपल्यावर येतो असं धरूनच चाला. आणि जागा काळ्या मातीत असेल तर पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरवरच्या पायावरचा चौथरा दोन-तीन वर्षांत तडकतो. मुरूम लागेपर्यंत खोदायला लावा आणि ते अंदाजपत्रकातच लिहून घ्या. ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. कोरलेल्या अक्षरांत नुसता सोनेरी रंग भरला तर सोलापूरच्या उन्हात तो टिकत नाही, अक्षरं खोल कोरून घ्या.

आता नावं. खरा वाद जमिनीवरून होत नाही, यादीवरून होतो. प्रत्यक्ष लढाईत गेलेले, सेवेत असताना अपघाताने किंवा आजाराने गेलेले, सीआरपीएफ-बीएसएफचे जवान, पोलीस, यांतलं कोण भिंतीवर येणार? शहर की पूर्ण जिल्हा? 1947 पासून की पहिल्या महायुद्धापासून? सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात पडलेल्या 46 जणांची नोंद जपलेली आहे, आपल्याकडेही जुन्या गावांत शिलालेख आहे का ते विचारून बघा. हे निकष ठरावातच हवेत. यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून लेखी घ्या आणि प्रत्येक नावाचं शुद्धलेखन घरच्यांकडून सहीनिशी तपासून घ्या. भिंतीवर मोकळी जागाही ठेवा.

ठरावात देखभालीचं लेखाशीर्ष आणि वर्षातले दोन दिवस, 26 जुलै (कारगिल विजय दिवस) आणि 16 डिसेंबर (1971 चा विजय दिवस), लिहून घ्या. आपल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना 12 जानेवारी, त्यांच्या फाशीचा दिवस, आहे. त्या दिवशी मोठे लोक येणार म्हटलं की झाडलोट आपसूक होते. ज्या स्मारकाला तारीख नाही, तिथे दिव्यांची वायर आधी जाते, मग साखळ्या.

पैशाबद्दल एवढंच की पुण्यातलं घोरपडीचं युद्धस्मारक लोकवर्गणीतून उभं राहिलं आणि 1998 च्या 15 ऑगस्टला खुलं झालं. पालिकेने जागा आणि वीज द्यावी, भिंतीचा खर्च मंडळ उचलेल, असा प्रस्ताव दिलात तर फाइल हलायला सोपी जाते. सभागृह असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, प्रशासक असतील तर त्यांचा.

अर्ज देण्याआधी नगररचना विभागातून त्या भागाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. तुमच्या कॉलनीजवळच्या बागेचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर इथे टाकलात, तर नकाशावर काय बघायचं ते सांगतो.