चंद्र रोज आकार का बदलतो? दोन चतुर्थ्यांमधलं उत्तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. चंद्राचा आकार रोज का बदलतो, पृथ्वीची सावली पडते म्हणून बदलतो का, आणि अमावास्येला चंद्र जातो कुठे.

सावलीचं आधी मिटवू. नाही, पृथ्वीच्या सावलीचा यात काही संबंध नाही. पण तसं वाटत होतं म्हणून ओशाळू नका. विज्ञानाची पदवी घेऊन नोकरीला लागलो तरी माझ्याही डोक्यात तेच होतं. शाळेच्या पुस्तकातली आकृती आठवत असेल: मधोमध पृथ्वी, भोवती आठ चंद्र, एका बाजूने येणारे सूर्यकिरणांचे बाण. ती परीक्षेत सुबक काढून मी गुण मिळवले होते. कळली मात्र कधीच नव्हती.

कळली ती आईमुळे. आई संकष्टी करते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्या रात्री चार-पाच जणी ताम्हन, निरांजन, दूर्वा घेऊन पूर्वेकडे तोंड करून उभ्या असतात. (पूर्वेला नवा टॉवर झाल्यापासून चंद्र पंचांगाच्या वेळेपेक्षा वीस मिनिटं उशिरा दिसतो, हे दुखणं निराळं.) एकदा भुकेने वैतागून आई म्हणाली, "गणपतीतल्या चतुर्थीला बघायचा नसतो, तर मेला संध्याकाळपासून समोर लटकलेला असतो. संकष्टीला बघायचा असतो, तर नऊ वाजले तरी पत्ता नाही. दोन्ही चतुर्थ्याच ना?"

मी काहीतरी पुटपुटलो. खरं उत्तर मला येत नव्हतं. दोन दिवस कागदावर गोल काढत बसलो, तेव्हा लक्षात आलं की तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर आईच्या या तक्रारीत आहे.

सुरुवात माठापासून करू. चंद्राला स्वतःचा उजेड नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सूर्याचं ऊन त्याच्यावर पडतं, आणि गोल वस्तूवर एका बाजूने ऊन पडलं की तिचा अर्धा भाग उजळतो, अर्धा काळोखात राहतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त हे सांगताना उन्हात ठेवलेल्या घड्याचा दाखला दिला आहे: अर्धा उन्हाने उजळलेला, उरलेला स्वतःच्याच सावलीने काळा. 'स्वतःच्याच' हा शब्द धरून ठेवा. चंद्रावर जो अंधार दिसतो तो चंद्राचाच आहे, आपण तिथे काहीही पाडत नाही.

आता सकाळी आठ-नऊच्या कोवळ्या उन्हात खराच एक माठ स्टुलावर ठेवा आणि त्याच्याभोवती फेरी मारा. सूर्य पाठीशी असताना माठ सगळा उजळ दिसेल. तिथून पाव फेरी पुढे आलात की अर्धा उजळ, अर्धा काळा. आणखी पुढे जाऊन सूर्य समोर, माठाच्या पलीकडे आला की तुमच्या वाट्याला काळोखी बाजू, फार तर कडेला उजेडाची बारीक किनार. या सगळ्या वेळात माठाचा उजळलेला भाग अर्धाच होता, कमी-जास्त झालाच नाही. त्या अर्ध्यातला किती तुमच्या बाजूला आला, एवढंच बदललं. चंद्राच्या बाबतीत फेरी आपण मारत नाही, तो आपल्याभोवती मारतो. हिशेब तोच.

परत गच्चीवर येऊ.

शुद्ध चतुर्थीला, म्हणजे गणपतीतल्या चतुर्थीला, चंद्र आकाशात सूर्यापासून ३६ ते ४८ अंश पूर्वेला असतो. म्हणजे सूर्य मावळला तरी चंद्र पश्चिमेला अजून बराच वर लटकलेला, आणि तो मावळायला रात्रीचे नऊ वाजतात. खरं तर तो सकाळी नऊच्या सुमारासच उगवलेला असतो, उन्हात नजरेत भरत नाही इतकंच. आपण त्याच्याकडे बघतो तेव्हा जवळजवळ सूर्याच्याच दिशेला बघत असतो. सूर्य समोर असलेला माठ तो हाच. त्याच्या उजळ बाजूचा बराचसा भाग पलीकडे, आपल्याला दिसते ती कोर. दिसणाऱ्या चकतीचा साधारण १० ते १६ टक्के भाग.

पंधरा तिथ्या गेल्या की येते वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी. तोवर चंद्र बरोबर अर्धी फेरी पुढे, म्हणजे आकाशाच्या नेमक्या उलट बाजूला. मग जो नऊला मावळत होता तो नऊला उगवणार. (मोसमाप्रमाणे यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.) सूर्य आता बराचसा आपल्या पाठीमागे, म्हणून चंद्राचा ८४ ते ९० टक्के भाग उजळ. दोन्ही चतुर्थ्यांचे आकडे एकमेकांना पूरक आहेत, शंभराला शंभर. एवढंच नाही: गणपतीत जी कोर उजळलेली होती, पुढच्या संकष्टीला चंद्राचा नेमका तेवढाच काठ अंधारात गेलेला असतो. संकष्टीचा चंद्र उगवताना नीट बघा, वरच्या अंगाने किंचित चेपलेला दिसेल. ती चेपलेली जागा म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीची कोर. आईला हे दाखवलं, तेव्हापासून ती अर्घ्य देण्याआधी चष्मा पुसून वरची कड बघते.

म्हणून मी म्हणतो की आकार आणि वेळ या दोन गोष्टी नाहीतच. चंद्र सूर्यापासून किती अंश दूर आहे, एवढी एकच गोष्ट आहे. आकार तिच्यावरून ठरतो, उगवायची वेळही तिच्यावरूनच. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असेल तर पूर्ण गोल, आणि तो संध्याकाळी सूर्य मावळताना उगवणार. दुसरं काही होऊच शकत नाही. मुलांच्या चित्रांत, लग्नपत्रिकांवर आणि मालिकांत मध्यरात्री डोक्यावर नाजूक कोर दाखवतात, ती कुठल्याही गावी दिसणार नाही. कोर असेल तर सूर्य जवळपास असलाच पाहिजे.

आणि गंमत म्हणजे हा कोन आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर छापून टांगलेला असतो. तिथी म्हणजे तोच. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. ३० तिथ्या, ३६० अंश, एक महिना. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तो कधी भरभर जातो, कधी रेंगाळतो. मग एखादी तिथी वीसेक तासांत आटपते, एखादी सव्वीस तासांच्याही पुढे जाते, आणि कॅलेंडरात मधेच क्षयतिथी येते. लोक त्याला शास्त्रांचा घोळ समजतात. घोळ नाही, तो चंद्राचा वेग आहे.

इथे एक शंका निघते. चंद्र पृथ्वीभोवतीची फेरी २७.३ दिवसांत पुरी करतो, मग अमावास्येपासून अमावास्या साडेएकोणतीस दिवसांची कशी? घड्याळ बघा. बाराला दोन्ही काटे एकावर एक असतात. मिनिटकाटा तासाभरात फेरी मारून परत येतो, पण तोवर तासकाटा एकवर सरकलेला असतो, म्हणून पुढची भेट एक वाजून पाच मिनिटांनी. चंद्रालाही सरकलेल्या सूर्याला गाठायला दोनेक दिवस जास्त पळावं लागतं. रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवण्याचं कारणही हे त्याचं पुढे पुढे जाणंच.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा शुद्ध अष्टमीला दुपारी चार-साडेचारला एक टेनिसचा चेंडू घेऊन गच्चीवर जा. अर्धा चंद्र दिवसाउजेडी बराच वर आलेला दिसेल. चेंडू हातात धरून, हात लांब करून, बरोबर चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरा. चेंडूवर ऊन पडलं पाहिजे एवढी काळजी घ्या. चेंडूही अर्धाच उजळलेला दिसेल, त्याच बाजूने, त्याच तिरकेपणाने. तोच सूर्य दोघांवर तळपतोय. मी हे भाचीला दाखवलं तेव्हा ती पाच मिनिटं काही बोलली नाही, आणि ही मुलगी एरवी गप्प बसत नाही. शाळेतल्या अंधाऱ्या खोलीतल्या बल्ब-संत्र्याच्या प्रयोगापेक्षा मला हा कितीतरी सरस वाटतो. इथे चंद्र खरा, सूर्यही खरा.

कोरीचंही थोडं सांगतो. परदेशी पुस्तकांत कोर कमानीसारखी उभी काढलेली असते, आणि तीच चित्रं आपल्याकडे उतरवली जातात. आपण विषुववृत्ताच्या त्यामानाने जवळ राहतो, म्हणून आपल्या आकाशात सूर्य-चंद्राची वाट क्षितिजाला बरीचशी सरळ उभी येते. सूर्य खाली मावळलेला, चंद्र जवळपास त्याच्या डोक्यावर, त्यामुळे उजळ कड खाली आणि दोन्ही टोकं वर. फेब्रुवारी-मार्चमधली बीज बघा, अगदी होडी. कपाळावर रेखतात ती चंद्रकोर, शंकराच्या जटेतली कोर, दोन्ही तशाच टोकं वर केलेल्या. आपल्या जुन्या लोकांनी आभाळ बघून काढली होती, पुस्तक बघून नाही. बीज-तीजेला कोरीच्या पोटात उरलेला चंद्रही पुसट राखाडी दिसतो. तो उजेड आपला: पृथ्वीवर पडलेलं ऊन परतून चंद्रावर जातं आणि तिथून पुन्हा आपल्या डोळ्यांत.

आता तुमच्या सावलीकडे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, नाही असं नाही. त्याला चंद्रग्रहण म्हणतात. ते फक्त पौर्णिमेला होऊ शकतं, कारण तेव्हाच पृथ्वी मध्ये येते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी पाचेक अंशांनी कललेली असल्याने बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री निसटला नाही. दहाच्या सुमारास काठावर काळिमा चढली, अकरानंतर तासाहून जास्त वेळ अख्खा चंद्र तांबूस, दीडपर्यंत मोकळा. साडेतीन तासांत खेळ खलास. आणि कला? त्या पंधरा दिवस सावकाश चढतात, पंधरा दिवस उतरतात. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून एवढा वेळेतला फरक पुरे.

शिवाय शुद्ध चतुर्थीला पृथ्वीची सावली असते कुठे? सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे संध्याकाळी पूर्वेला. चंद्र पश्चिमेला. तिची सावली त्याच्यावर पडणार कशी?

कला म्हणजे चंद्रावरचे दिवस-रात्र, असं म्हटलं तरी चालेल. काळ्या-पांढऱ्या भागांमधली रेघ म्हणजे तिथली सूर्योदयाची किंवा सूर्यास्ताची रेघ. ती चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी पंधराएक किलोमीटरने सरकते. सायकलवाला तिला गाठू शकेल. चांद्रयान-३ उतरलं ती २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ श्रावण शुद्ध सप्तमीची होती. उतरण्याच्या जागी नुकतीच सकाळ झाली होती, आणि तीच वेळ साधायची होती, कारण विक्रम लँडर आणि प्रज्ञान बग्गी दोघेही सौर ऊर्जेवर चालणारे. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा, म्हणून मोहीमही चौदा दिवसांची आखलेली. पुढे रात्र व्हायच्या आधी दोघांना झोपवलं, ते पुन्हा उठले नाहीत. गच्चीवरून बघणाऱ्याला मात्र तेव्हा चंद्र फक्त कलेकलेने उतरताना दिसत होता.

राहिली अमावास्या. दक्षाच्या शापाने क्षय लागलेल्या चंद्राची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट म्हणून ती सुंदरच आहे. पण चंद्र त्या दिवशी कुठेही जात नाही. सकाळी सूर्याबरोबर उगवतो, दिवसभर त्याच्या शेजारून चालतो, संध्याकाळी त्याच्याबरोबर मावळतो. उजळ बाजू पूर्णपणे पलीकडे, आपल्याकडे काळी पाठ, त्यात सूर्याची तिरीप डोळ्यांवर. दिसणार कसा? २०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला तो दिसला होता. आम्ही सगळे ग्रहणाचे चष्मे लावून त्याच गच्चीवर, या वेळी तोंडं पश्चिमेला. ग्रहण सुटायच्या आतच सूर्य मावळला. त्याच्या तबकडीचा एक घास काढलेला होता, काठ अगदी गुळगुळीत गोल. तो घास म्हणजे अमावास्येचा चंद्र. आई म्हणाली, "अगोबाई, हा इथे आहे होय."