सुपाला नवे रूप देताना

प्रश्न : प्रॉडक्ट डिझाइनचे शिक्षण पूर्ण करून मी कुरखेडा तालुक्यातील माझ्या गावी परतले आहे. गावात बुरुडकाम करणाऱ्या काकांसोबत शहरी ग्राहकांसाठी बांबूच्या नव्या वस्तू घडवाव्यात आणि त्या लोकांना जिव्हाळ्याच्या वाटाव्यात, अशी माझी इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : रेखाटनाची वही काही काळ बाजूला ठेवून गावात बांबूच्या कोणत्या वस्तू कोणाच्या हाती, कोणत्या प्रसंगी असतात, हे आधी पाहावे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याचा असाच विचार केला होता : त्यात किती मावते, तो भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, हाताला कसा लागतो. त्याच अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

तुमच्याकडे धान पाखडणारे सूप आहे, तशीच ऐरणीदानाच्या वेळी वरपक्षाच्या माथ्यावर टेकवली जाणारी झाल, म्हणजे बांबूची टोपलीही आहे. लेक सोपवण्याच्या घडीला ती हाती असते, म्हणूनच घरच्यांना ती मोलाची वाटते. पण लग्न आटोपले की ती अनेकदा माळ्यावर पडून राहते, याची मला खंत वाटते. तिला बसके बूड आणि मजबूत काठ दिला, तर सासरी लेकीच्या हाताशी ती रोज राहील. विणीवर वारली चित्रे रंगवण्यापेक्षा मला हे काम कितीतरी खरे वाटते. वीण मात्र अशी ठेवावी की तुटलेली एखादी कामटी बदलता येईल.

मानवेल, म्हणजे तुमच्याकडचा बांबू, निदान तीन वर्षांचा असावा आणि पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला असावा. तेव्हा त्यात पिष्ट कमी असल्याने भुंगा कमी लागतो. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणाची प्रक्रिया उपयोगी आहे, परंतु अन्न ठेवण्याच्या वस्तूंसाठी ती वापरू नये. बांबू शक्यतो ग्रामसभेकडून घ्यावा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावच्या जंगलावरचा सर्वांचा मिळून हक्क, मिळाला आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली.

काकांना नमुन्यांच्या दिवसांचीही मजुरी द्यावी, कारण फसलेल्या नमुन्यातही त्यांचे श्रम असतातच, आणि त्यांची संमती असल्यास वस्तूवर तुमच्या नावाआधी त्यांचे नाव घालावे.