बंद फोनवर पूर्ण रिंग जातेय? आधी फॉरवर्डिंग बघा

ताई, बाबांचा फोन रात्रभर बंद आणि तुम्हाला मात्र पूर्ण रिंग, आता घरात 'मुद्दाम उचलला नाही' वरून अबोला... वाचून माझंच जुनं प्रकरण आठवलं.

ती रिंग समोरच्या फोनमधून येत नाही, नेटवर्क वाजवतं. बटणाने नीट बंद केला तर फोन टॉवरला सांगून जातो, मग 'स्विच ऑफ'वाली बाई बोलते. पण बॅटरी काढली किंवा एकदम रेंज गेली की नेटवर्क त्याला थोडा वेळ शोधत बसतं. तरी रात्रभर पूर्ण रिंग म्हणजे मला फॉरवर्डिंगचाच, म्हणजे कॉल दुसऱ्याच नंबरवर वळवलेला असल्याचा वास येतो.

मी महापेला कामाला, सर्व्हर रूम तळघरात, रेंज शून्य. आधीच्या कंपनीत असताना नॉट रीचेबल झालो तर कॉल कंपनीच्या नंबरवर जावा असं लावलेलं, नोकरी सोडताना तो नंबर परत केला आणि हे काढायचं साफ विसरलो. बंद केलेला नंबर ९० दिवसांनी दुसऱ्याला देता येतो, तसा तो गेला कोणाकडे तरी. माझी नाइट शिफ्ट, इकडे ठाण्यात आईला ॲडमिट करायची वेळ, दादा तासभर फोन करतोय, रिंग त्या भलत्याच माणसाकडे आणि तो अनोळखी नंबर म्हणून उचलत नाहीये. दादा आजही ऐकवतो.

मोबाइल कंपनीच्या गॅलरीत तीन खेपा घातल्या. टोकन घ्या, बसा, 'सर हँडसेट खराब आहे'. सिम बदललं, फोन रिसेट मारला, फोटो गेले ते वेगळंच. अहो, फॉरवर्डिंग नेटवर्कमध्ये सेव्ह असतं, सिम बदलून कसं जाईल? काउंटरवर एकानेही विचारलं नाही! शेवटी त्या माणसाने वैतागून एकदा कॉल उचलला आणि दादालाच झापलं, तेव्हा उलगडा झाला.

बाबांच्या फोनवर कॉल सेटिंगमध्ये 'अनरीचेबल'समोर (बंद फोनही त्यातच येतो) कुठला नंबर आहे बघा, किंवा *#६२# लावा. मी काही टेलिकॉमवाला नाही, केबल ओढणारा माणूस, आणि हा कोड सगळ्या कंपन्यांवर चालतोच असं नाही. दिसलेला नंबर अनोळखी असला तरी लगेच पोलिसात पळू नका, मिस्ड कॉल अलर्टवाल्यांचाही असतो. पण बाबांना कोणी फोनवर *४०१ वगैरे लावायला सांगितलं होतं का ते नक्की विचारा, त्याने आपले कॉल भामट्याच्या नंबरवर वळतात, त्या फ्रॉडपायीच दूरसंचार खात्याने १५ एप्रिल २०२४ पासून कोडवालं फॉरवर्डिंग थांबवायला लावलं. आधी लावलेलं कुठे राहिलं असेल तर स्वतःच काढा, गॅलरीत जाऊ नका.