फीड लावायची तर सुरुवात मॅस्टोडॉनपासून कर

एखाद्या विषयावरच्या सोशल मीडियातल्या नव्या पोस्ट फीड रीडरमध्ये (फीड गोळा करून दाखवणारं ॲप) आपोआप हव्या असतील, तर एक्सच्या (पूर्वीचं ट्विटर) नादी आधी लागू नकोस. ट्विटरने २०१३ साली आरएसएस (नव्या पोस्टची आपोआप ताजी होणारी यादी, म्हणजेच फीड) बंद केलं ते केलंच; आता जुगाड करावे लागतात आणि ते टिकत नाहीत. मॅस्टोडॉनवर (अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं, ट्विटरसारखं नेटवर्क) काम सोपं: खात्याच्या पत्त्याला शेवटी ‘.आरएसएस’ (अर्थात रोमन लिपीत) जोड, तो फीड रीडरमध्ये टाक, झालं. हॅशटॅगलाही हेच चालतं, अगदी देवनागरी असला तरी. फक्त सर्व्हर मोठा निवड, कारण त्याच्यापर्यंत पोचलेल्याच पोस्ट फीडमध्ये दिसतात. ब्लूस्कायला (हेही ट्विटरसारखंच) प्रोफाइलच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘आरएसएस’, तेही रोमनमध्येच. रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या शोधाची फीड लावलीस तर निकालांचा क्रम ‘नवीन’ ठेव, नाहीतर जुनंच वर येत राहतं. आणि शोधाचा शब्द नेमका घे. नुसतं ‘पुणे’ टाकलंस तर रीडर तासाभरात तुंबेल. ‘पुणे मेट्रो’ पुरे.